तेविसाव्या पानावरचं जेवण

प्रसेनजीत कुरणे हा इलेक्ट्रॉनिक्सचा इंजिनिअर आहे असं कुणी चारचौघांत म्हटलं, की पहिला आक्षेप तो स्वतःच घेतो. "कॉलेजनं पदवी दिलीय खरी, अजून परत मागितली नाही एवढंच," असं म्हणून तो चहाचा कप उचलतो. पन्नाशी ओलांडली, केस गेले, चष्म्याचा नंबर वाढला, पण स्वतःच्या फजितीची गोष्ट सांगताना त्याच्या तोंडावर जी कळा येते ती बढतीच्या दिवशीही कधी आली नाही. फुलेवाडीतल्या त्याच्या गल्लीत त्याला साहेब वगैरे कुणी म्हणत नाही. 'भोंगेवाला कुरणे' म्हटलं, की लोक पत्ता विचारणाऱ्याला थेट दारापर्यंत आणून सोडतात.

त्या भोंग्याची कथा अशी. गल्लीत नळाला पाणी पहाटे यायचं, आणि ते आलं हे कळायला कुणीतरी जागं असावं लागायचं. प्रसेनजीतला वाटलं, इलेक्ट्रॉनिक्स शिकलेला माणूस गल्लीत असताना लोकांनी झोपमोड का करून घ्यावी? त्यानं नळाच्या तोंडाशी दोन तारा सोडल्या, एक छोटं सर्किट जोडलं आणि गच्चीवर भोंगा बसवला. पाणी आलं की भोंगा वाजायचा. फक्त तो दमट हवेनंही वाजायचा, आणि कोल्हापुरात पावसाळ्यात हवा दुसरी कसली असणार? सगळी गल्ली घागरी-बादल्या घेऊन उठायची, आधी कोरड्या नळाकडं बघायची आणि मग कुरण्यांच्या दाराकडं. त्याची बायको संघप्रिया शाळेत शिक्षिका. निकाल द्यायची तिला सवयच. ती म्हणाली, "तुम्ही झोपमोड वाचवली न्हाई हो, सगळ्यांना सारखी वाटून दिली."

मग त्यानं टाळी वाजवली की लागणारा दिवा केला. तो खरोखर चालला. पण शेजारच्या घरी गणपती बसले, आरती सुरू झाली, आणि कुरण्यांच्या घरातले दिवे टाळ्यांच्या तालावर उघडझाप करायला लागले. येणारेजाणारे लोक शेजारच्या गणपतीला नमस्कार करून ह्यांच्या खिडकीलाही करून जायला लागले. "आपण बौद्ध माणसं," संघप्रिया म्हणाली, "आणि गल्लीतली सगळ्यात भारी रोषणाई आपल्यात." त्यानंतर कुकरच्या शिट्ट्या मोजणारं यंत्र झालं. ते शिट्ट्या अचूक मोजायचं, फक्त शेजारणीच्या कुकरच्याही मोजायचं. तीन दिवस डाळ कच्ची खाल्ल्यावर संघप्रियानं ते यंत्र माळ्यावर नेऊन ठेवलं.

नोकरीची कहाणीही फार वेगळी नाही. पेठ वडगावचा हा मुलगा शिकून इंजिनिअर झाला आणि इचलकरंजीत यंत्रमागांची कार्डं बनवायला लागला. धागा तुटला की माग आपोआप थांबावा, असं ते कार्ड. प्रसेनजीतचं पहिलं कार्ड धागा तुटला की माग थांबवायचं, आणि धागा शाबूत असला तरी थांबवायचं. कापसाच्या धुरळ्यात उभं राहून कारखानदार त्याला म्हणाला, "अवो इंजिनिअर, माग बंद पाडायला पगारी माणूस कशाला ठिऊ मी? ते काम आमच्यात लाईट फुकटात करती की!" हे वाक्य प्रसेनजीत आजही कुणी मागितलं नसताना ऐकवतो.

पुढं तो शिरोलीच्या एमआयडीसीत 'पंचधारा इन्स्ट्रुमेंट्स' नावाच्या कारखान्यात लागला. गावोगावच्या दूध संस्थांमध्ये दूध मोजायचं आणि ज्यावर भाव ठरतो ती फॅट सांगायचं यंत्र तिथं तयार होतं. इथं मात्र त्याचं कार्ड चाललं, चांगली पंधरा वर्षं चाललं. मग नवीन चिपा आल्या, त्या कळणारी नवीन पोरं आली, आणि प्रसेनजीतला कोपऱ्यातलं टेबल देऊन 'डॉक्युमेंटेशन' करायला बसवलं. म्हणजे यंत्राबरोबर जाणारी माहितीपुस्तिका लिहायची. कारखान्यात ह्याला बाजूला सारणं म्हणतात. प्रसेनजीतनं तोंड पाडून ते काम घेतलं आणि घरी येताना दावणगिरी लोणी डोसा खाल्ला, कारण आतून त्याला उकळ्या फुटत होत्या. त्याला लिहायला मनापासून आवडायचं. एका स्थानिक मासिकात त्यानं 'ट्रान्झिस्टरशी मैत्री' नावाचं सदर वर्षभर चालवलं होतं. त्यावर एकच फोन आला, तोही 'मिक्सर दुरुस्त करता का' असा. नंतर मराठीत ब्लॉग सुरू केला. त्याच्या 'डायोड एका दिशेनंच का वागतो' या लेखाखाली एकच प्रतिक्रिया आली, कर्ज हवं आहे का अशी. तेव्हा पगार घेऊन लिहायचं, आणि ते छापून खोक्यात बसून गावोगाव जाणार, याहून मोठं भाग्य काय असणार?

त्यानं पुस्तिका मराठीत लिहिली, आणि जीव ओतून लिहिली. यंत्र धुवायचं कसं, वीज गेली तर काय करायचं, उंदरांनी वायर खाल्ली तर काय करायचं, सगळं. पण खरं सांगायचं तर ती सगळी पुस्तिका त्यानं एका परिच्छेदासाठी लिहिली होती, आणि तो परिच्छेद तेविसाव्या पानावर होता.

ह्या एका गोष्टीवर प्रसेनजीत विनोद करत नाही. त्याची आई मीनाबाई वडगावात एका म्हशीवर घर चालवायची. सकाळ-संध्याकाळ किटली घेऊन दूध संस्थेच्या खिडकीशी उभी राहायची. माप आत, आकडा आत, वही आत. "किती लागली फॅट?" तिनं विचारलं, की आतून उत्तर यायचं, "घाल की बाई, लिवलंय." बौद्ध वस्तीतल्या बायकांना तर पुष्कळदा तेवढंही उत्तर मिळायचं नाही. मीनाबाईला अक्षरं येत नव्हती, पण आकडे चोख येत होते. आठवडी बाजारात तिला कुणी फसवून दाखवावं. तिनं उभा जन्म दूध घातलं, आणि आपल्या म्हशीच्या दुधाचा आकडा आपल्या डोळ्यांनी एकदाही न बघता ती गेली.

म्हणून पंचधारेच्या यंत्राचा पहिला आराखडा केला तेव्हा प्रसेनजीतनं त्याला आकडा दाखवणाऱ्या दोन पट्ट्या दिल्या होत्या, एक संस्थेच्या सचिवाकडं आणि एक दूध घालणाऱ्याकडं. मालकांनी विचारलं, "एकाच दुधाचा आकडा दोनदा कशाला दावायचा?" प्रसेनजीतला उत्तर माहीत होतं, पण ते मीटिंगमध्ये बोलून दाखवता आलं नाही. खोकल्याचं निमित्त करून तो खाली बसला. दुसरी पट्टी गेली. जे त्याला तारेनं जोडता आलं नाही ते त्यानं मग लिहून टाकलं. तेविसाव्या पानावर त्यानं लिहिलं: 'यंत्र असं ठेवावं, की आकड्याची बाजू दूध घालणाऱ्याकडं असेल. आकडा आधी त्यानं बघावा, मग सचिवानं. आकडा दिसेल इतक्या खाली यंत्र असावं, कारण दूध घालायला म्हातारी माणसंही येतात.'

आता हे कुणी वाचणार का? हा किडा त्याच्या डोक्यात शिरला. पुस्तिका मंजुरीसाठी उत्पादन, दर्जा, खरेदी आणि सर्व्हिस अशा चार खात्यांतून फिरून आली, आणि सगळ्यांनी शेवटच्या पानावर सही केली होती. दर्जावाल्यानं तर कागद जाड आहे म्हणून कौतुक केलं. प्रसेनजीतला त्या दिवशी काय झालं कोण जाणे. छापायला पाठवण्याआधी त्यानं त्या परिच्छेदाच्या खाली आणखी एक ओळ टाकली: 'इथवर वाचत आलात, तर तुमचं जेवण माझ्याकडं लागलं. तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, सुकं मटण, भाकरी. फोन करा.' आणि खाली स्वतःचा मोबाइल नंबर. ज्याचा फोन येईल त्यानं वरचा परिच्छेद वाचलेला असणार, असा त्याचा हिशोब. इंजिनिअरचा हिशोब तो, कागदावर कुठंच चुकत नव्हता.

पुस्तिका छापली. यंत्रं गेली. प्रसेनजीत फोनची वाट बघायला लागला. आंघोळीला जाताना फोन खिडकीत ठेवायचा. अनोळखी नंबर दिसला की हातातलं टाकून धावायचा. एकदा तर उतावीळपणानं त्यानं फोन उचलल्या उचलल्या म्हटलं, "बोला, जेवायला कधी येताय?" पलीकडं बँकेचं क्रेडिट कार्ड विकणारी मुलगी होती. ती बिचारी गोंधळून म्हणाली, "सर, मी पुण्यातून बोलतेय." एक वर्ष गेलं, दुसरं गेलं, तिसरंही सरत आलं. जेवायला कुणी आलं नाही.

"दुनियेत एवढा सुखी यजमान दुसरा न्हाई," संघप्रिया म्हणायची. "आवतण देऊन तीन वर्षं झाली, अजून कांदा चिरलेला न्हाई."

तिसऱ्या वर्षी मालकांचा मुलगा राजवीर कारभार बघायला लागला. पोरगा हुशार, बोलायला गोड, प्रसेनजीतला 'सर' म्हणायचा. त्यानं एक दिवस कोपऱ्यातल्या टेबलाशी खुर्ची ओढली.

"सर, राग मानू नका. ही पुस्तिका कोण वाचतंय ओ? खोक्यावर एक क्यूआर कोड लावूया. मोबाईल धरला की दोन मिनिटांचा व्हिडिओ. यंत्र चालू कसं करायचं, धुवायचं कसं, बास."

"वाचणारे वाचतात की," प्रसेनजीत म्हणाला. स्वतःचाच आवाज त्याला पोकळ वाटला.

"एक दावा. पुस्तक वाचलेला एक माणूस मला दावा, मी छपाई चालू ठेवतो. शब्द दिला."

प्रसेनजीतची गंमत बघा. पुरावा मिळवायचा एकमेव मार्ग त्याच्याकडं होता, आणि तो पुरावा म्हणजे कंपनीच्या कागदावर त्यानं चोरून छापलेलं मटणाचं आवतण. ते दाखवावं तर नोकरी जायची, न दाखवावं तर पुस्तक जायचं. तो नुसता मान हलवून बसला. घरी येऊन पुस्तिका उघडली, तेविसावं पान वाचलं, आणि पहिल्यांदा त्याला स्वतःची चेष्टा करावीशी वाटली नाही. पुस्तक गेलं तर तो परिच्छेदही जाणार होता. दोन मिनिटांच्या व्हिडिओत म्हाताऱ्या माणसांना कोण जागा देणार?

त्यानंतर पंधरवड्याच्या आतच फोन वाजला.

"पावणं, त्ये जेवणाचं काय झालं?" पलीकडून खणखणीत आवाज आला. आकाराम पाटील, कागलकडच्या एका संस्थेचे सचिव. प्रसेनजीत खुर्चीतून उभाच राहिला.  "या की," तो एवढंच म्हणाला, "रविवारी या." फोन ठेवून त्यानं डोळे पुसले. कुणीतरी वाचलं होतं! तीन वर्षांनी का होईना, वाचलं होतं!

दहा मिनिटांत दुसरा फोन. मग तिसरा. दुपारपर्यंत राधानगरीपासून हातकणंगल्यापर्यंतचे सचिव, चेअरमन, संचालक एकामागून एक विचारायला लागले, "कुरणे तुम्हीच न्हवं? किती वाजता यायचं?" एकानं तर "दोघं हाय, चालंल न्हवं?" असंही विचारलं. आता कोल्हापुरात जेवणाला या म्हटलेलं माघारी घेता येत नाही. घर गहाण टाकलं तरी चालेल, पण शब्द दिलेला रस्सा झालाच पाहिजे. प्रसेनजीतनं आपल्या रस्सा मंडळाला साद घातली. ही दोस्त मंडळी एरवीही महिन्यातून एकदा पंचगंगेकाठी एका मळ्यात चूल मांडायची. पांढऱ्या रश्श्याचं काम कायम प्रसेनजीतकडं, कारण त्यात जोडायच्या तारा नसतात.

रविवारी दुपारी मळ्यात जत्रा भरली. पातेली रटरटत होती, नदीवरून गार वारा येत होता, पाहुणे पालथी मांडी घालून पंगतीला बसले होते. एवढ्यात एक पांढरी गाडी येऊन थांबली आणि तिच्यातून राजवीर उतरला. प्रसेनजीतच्या हातातला डाव पातेल्यात पडला.

"सर," राजवीर पंगतीवरून नजर फिरवत म्हणाला, "आमच्या कंपनीच्या पुस्तकात आवतण छापता, आणि आम्हालाच बोलवत न्हाई व्हय?"

"राजवीर साहेब, ते जरा..."

"रागवायचं सोमवारी बघू. आज पांढरा वाढा." आणि तो सरळ पंगतीत जाऊन बसला. कोल्हापूरचा माणूस, पातेलं उघडं असताना भांडण कशाला काढेल?

प्रसेनजीतच्या अंगात मग बारा हत्तींचं बळ आलं. शब्द दिलेला माणूस इथंच बसला होता आणि वाचकांची अख्खी पंगत त्याच्यासमोर. तो वाढता वाढता आकाराम पाटलांपुढं थांबला आणि राजवीरला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "पाटील, त्या जेवणाच्या ओळीच्या वर जे लिहिलंय ते कसं वाटलं तुम्हाला?"

"वर?" आकारामनी हाडूक बाजूला ठेवलं. "वर काय हुतं?"

त्यांनी खिशातून मोबाइल काढून दाखवला. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो. नेमकी मटणाची ओळ आणि खाली नंबर. वरचं सगळं कापलेलं. प्रसेनजीत पुढच्या पाटाशी गेला. तिथंही तोच फोटो. त्याच्या पुढच्याकडंही तोच. सगळ्या पंगतीत एकानंही पुस्तक उघडलेलं नव्हतं. फोटो कुणी काढला याचाही छडा लागला, कारण तो काढणारा केरबा, पंचधारेचा सर्व्हिसवाला, पंगतीतच बसला होता.

"एका संस्थेत मशीन डुगडुगत हुतं सर," केरबा प्रांजळपणे म्हणाला. "त्याच्या पायाखाली टेकण म्हणून तुमचं पुस्तक घातलेलं. काढलं तर नेमकं ह्ये पान उघडलं. म्हटलं, ह्ये जनतेला कळाय पायजे. तेवढंच कापून टाकलं ग्रुपवर."

पंगतीत हशा उसळला. प्रसेनजीतही हसला, सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसला. "बघा, पुस्तक उपयोगी पडलं की नाही! मशीन तरी डुगडुगायचं थांबलं." राजवीर हसता हसता ठसका लागून पाणी प्यायला, आणि जाताना त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "सर, मी जिंकलो. पण रस्सा बाकी एक नंबर." संघप्रिया एका झाडाखाली भाकरी मोडत बसली होती. ती त्या दिवशी एक शब्दही बोलली नाही. नवऱ्याचं ते मोठ्यानं हसणं तिला चांगलं ओळखू येतं.

नोकरी गेली नाही. रस्सा कामी आला म्हणायचा. छपाई मात्र बंद झाली. पुढच्या महिन्यापासून खोक्यांवर क्यूआर कोडची चौकोनी चिकटपट्टी लागली आणि प्रसेनजीत व्हिडिओत बोलायची दोन मिनिटांची वाक्यं लिहायला लागला. परिच्छेदासाठी त्यानं दहा सेकंद मागितले होते. ते मिळाले नाहीत. लोकांना तो आता ही सगळी कथा रंगवून सांगायचा, केरबाच्या नकलेसकट. लोक पोट धरून हसायचे. घरी मात्र त्यानं सोल्डरिंगची पेटीसुद्धा उघडली नाही.

एका सकाळी अनोळखी नंबरवरून फोन आला. आता त्याला त्याची धास्ती बसली होती. "जेवण संपलं हो," त्यानं उचलताच सांगून टाकलं.

"मला जेवायचं न्हाय," बाईचा आवाज होता, जरा घुश्श्यातला. "मला पुस्तक पायजे. मी वर्षाराणी चौगुले, वाडीच्या अलीकडनं बोलते, नृसिंहवाडीच्या. आमच्या संस्थेनं तुमचं दुसरं मशीन घेतलंय. खोकं उघडलं तर आत पुस्तकच न्हाय! कंपनीत फोन केला तर म्हणत्यात, कोड बघा. कोड काय चेअरमनच्या तोंडावर धरू व्हय मी? पुस्तकात तुमचा नंबर हुता म्हणून लावला."

प्रसेनजीतनं हळू विचारलं, "कुठल्या पानावर?"

"तेविसाव्या. त्ये मशीन फिरवून ठेवायचं लिवलंय न्हवं, त्याच्याखाली."

 पलीकडून वर्षाराणीनं दोनदा हॅलो हॅलो केलं.

"तुम्ही... तुम्ही ते कधी वाचलंत?"

"पयलं मशीन आलं तवाच की. तीन वर्षं झाली. सगळं पुस्तक वाचलंय."

"मग फोन का केला नाहीत?" हे विचारताना त्याचा आवाज जवळजवळ रडका झाला.

"अवो, आम्ही जैन," वर्षाराणी म्हणाली. "मटण खात न्हाय आम्ही. उगंच फोन करून तुमास्नी अडचणीत कशाला टाकायचं?"

फोन ठेवल्यावर प्रसेनजीत उठून स्वयंपाकघरात गेला. मग त्यानं संघप्रियाला सगळं सांगितलं. ती पदर तोंडाला लावून इतकी हसली की तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"वाडीकडं, शिरोळ तालुक्यात, घरोघर जैन," ती म्हणाली, "आणि तुम्ही वाचणाऱ्याला आवतण दिलं ते मटणाचं! अहो, नुसतं जेवण लिवायला काय झालं हुतं? पुरणपोळी केली असती मी."

जिल्ह्यात मटणाला नाही म्हणणारा माणूस असू शकतो, ही शक्यता ह्या इंजिनिअरच्या हिशोबात कुठंच नव्हती. आपण वाचकाची परीक्षा घेतली आणि पास झालेल्या एकट्या विद्यार्थिनीलाच दाराबाहेर ठेवलं, हे त्याला आता नीट कळलं. त्यानं स्वतःला खच्चून शिव्या घातल्या, आणि किती महिन्यांनी त्या शिव्या घालताना त्याला मनापासून बरं वाटलं.

पुस्तिकेची एक प्रत त्याच्या कपाटात होती. ती घेऊन तो आणि संघप्रिया त्याच दिवशी स्कूटरवरून निघाले. संध्याकाळच्या संकलनाच्या वेळेला पोचले. संस्थेची इमारत म्हणजे एक लांबट खोली, दारात किटल्या घेतलेल्या बायका-माणसांची रांग. वर्षाराणी संस्थेची सचिव, तिशीतली, केसांत पेन खोचलेली. तिनं हातातलं काम न थांबवता "या, बसा" म्हटलं आणि पुस्तिका घेऊन आधी तेविसावं पान आहे ना ते बघून घेतलं.

"पयल्या मशीनला लई वाद झाला हुता," ती म्हणाली. "चेअरमन म्हणाले, आकडा लोकांकडं फिरवायचा म्हणजे आमच्यावर इस्वास न्हाय व्हय? मी म्हटलं, माझं न्हवं, कंपनीचं सांगणं हाय. छापलंय बघा. छापलंय म्हटल्यावर गप बसले. आता दुसऱ्या मशीनला पुन्यांदा तोच वाद. जुनं पुस्तक दावलं तर म्हणत्यात, त्ये पयल्या मशीनचं. ह्या बारीला दावू काय?"

प्रसेनजीतनं पहिल्यांदाच नीट समोर बघितलं. खिडकी नव्हतीच. पहिलं यंत्र एका बुटक्या बाकावर होतं, सुताराकडून मुद्दाम करून घेतलेल्या, आणि त्याची पाठ वर्षाराणीकडं होती. ती मान तिरकी करून पलीकडचा आकडा बघत होती आणि लिहीत होती. लाल आकडे सगळे रांगेकडं तोंड करून. त्याचे पाय आपोआप पुढं गेले. हात लावू की नको अशा बेतानं तो यंत्राच्या अगदी समोर जाऊन उभा राहिला. इथं खोकल्याचं निमित्त करायला मीटिंगही नव्हती. काहीतरी बोलावं, हे मी लिहिलंय असं निदान एकदा सांगावं, असं त्याला फार वाटलं.

मागून कुणीतरी त्याच्या पाठीत कोपर टोचलं. पाठीत वाकलेली एक म्हातारी, हातात किटली. तिचं दूध मापात पडलं होतं आणि ती त्याच्या आडून मान काढायचा प्रयत्न करत होती.

"ओ पावणं," ती खेकसली, "जरा बाजूला व्हा की! माझा आकडा दिसंना झालाय."

प्रसेनजीत बाजूला झाला.